प्रेमाला अ‍ॅप, लग्नाला बायोडेटा

‘आमच्या घरातलं कोणी नाही बुवा त्यावर.’ डेटिंग अ‍ॅपचा विषय निघाला की हे वाक्य हमखास कानावर येतं. बोलणाऱ्याला त्याची पक्की खात्री असते. मग त्यावर आहे तरी कोण? हिंजवडी, खराडी, ऐरोली, पवईत संध्याकाळी सातनंतर फोनवर बोटं सरकवणारी पोरं कोणाच्या घरातली आहेत? ती लातूरच्या, जळगावच्या, साताऱ्याच्या, चिपळूणच्या घरांतलीच आहेत. महिन्याला घरी पैसे पाठवणारी, गणपतीला गावी जाणारी, आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी रजा काढणारी. त्यांच्यातले बरेच जण तिथे नवरा किंवा बायको शोधत नसतात. त्यांना सोबत हवी असते, स्पर्श हवा असतो, आणि उद्याबद्दल आज काही कबूल करायचं नसतं. याला ते ‘कॅज्युअल’ म्हणतात.

त्यावर आपल्या दोन प्रतिक्रिया ठरलेल्या. पिढी बिघडली, नाहीतर पश्चिमेचं वारं लागलं. मला दोन्ही पटत नाहीत, कारण दोन्हींत त्या पोरापोरींना काही विचारलेलंच नसतं. तुला असं का हवंय, हे विचारलं तर जे उत्तर येतं ते अ‍ॅपपेक्षा आपल्या घरांबद्दल जास्त सांगणारं असतं.

जिथे हा प्रश्न माणसांना सरळ विचारला गेला, तिथली उत्तरं आधी बघू. अमेरिकेत प्यू रिसर्च सेंटरनं २०२२ साली मोठी पाहणी केली. आधीच्या वर्षभरात डेटिंग अ‍ॅप किंवा साइट वापरलेल्यांपैकी ४४ टक्क्यांनी कायमचा जोडीदार मिळवणं हे मोठं कारण सांगितलं, ४० टक्क्यांनी बंधन न घेता भेटणं-फिरणं सांगितलं, आणि केवळ शरीरसंबंध हे मोठं कारण सांगणारे २४ टक्के निघाले. शेवटच्या आकड्यात पुरुष आणि बायका यांच्यात मोठी तफावत आहे: पुरुषांत ३१ टक्के, बायकांत १३. नेदरलँड्समधल्या तरुण टिंडरवाल्यांचा २०१७ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे. त्यात सहा कारणं निघाली. प्रेम, शरीरसंबंध, समोरासमोरपेक्षा फोनवर बोलणं सोपं जाणं, आपण कोणाला तरी आवडतो याची खात्री पटणं, थरार, आणि सगळे वापरतात म्हणून आपणही. यात प्रेमाचं कारण शरीरसंबंधापेक्षा वरचढ ठरलं. बेल्जियममधल्या टिंडरवाल्यांच्या अभ्यासात प्रत्यक्ष भेटींपैकी एक तृतीयांशाहून जास्त भेटी शरीरसंबंधापर्यंत गेल्या होत्या, आणि एक चतुर्थांशाहून जास्त भेटींतून पक्कं नातं जमलं होतं.

म्हणजे तिकडे कॅज्युअलमधून सिरीयसकडे जायचं दार उघडं आहे. काहीजण त्यातून जातात, काहीजण जात नाहीत. आपल्याकडे त्या दाराला बाहेरून कडी घातलेली आहे, आणि ती घालणारे आपण थोरले आहोत.

लग्नाचा बायोडेटा एकदा सावकाश वाचा. नाव, जन्मवेळ, रास, नाडी, गण. कुलदैवत. देवक. जात आणि तिच्यापुढे पोटजात. मामाचं नाव, मामाचं गाव. मग ‘नातेसंबंध’ नावाची ओळ, तिच्यात आठ-दहा आडनावं, म्हणजे वाचणाऱ्याला आपली पायरी कळावी. शेवटी अपेक्षा. या कागदावर माणूस कुठे आहे? त्याला हसू कशावर येतं, राग आला की तो काय करतो, तिला मुलं हवीत की नकोत, याला रकाना नाही. भारतीय मानव विकास सर्वेक्षणाच्या २०११-१२च्या फेरीत बायकांना विचारलं होतं, की तुमचं लग्न जातीबाहेर झालंय का. हो म्हणणाऱ्या सुमारे ५ टक्के होत्या. उरलेल्यांच्या आयुष्यात जोडीदाराची निवड सुरू व्हायच्या आधीच तिची हद्द आखून झालेली होती.

आता अ‍ॅपवर या. टिंडरवर काय दिसतं? पहिलं नाव, वय, किती किलोमीटरवर आहे, चार-सहा फोटो, दोन ओळी. आडनाव नसतं. बंबलवरही नसतं. महाराष्ट्रात ही केवढी मोठी गोष्ट आहे हे ज्याला समजलं त्याला निम्मा विषय समजला. आपल्याकडे शाळेच्या हजेरीपासून भाड्याच्या घरापर्यंत पहिला प्रश्न आडनावाचा. ‘तुम्ही कुठले?’ हा त्याचाच सभ्य अवतार. अ‍ॅपवर पहिल्यांदा दोन माणसं एकमेकांना आडनावावाचून भेटतात, बोलतात, आवडतात. आडनाव कळतं ते नंतर. इन्स्टाग्रामवर, किंवा कॉफीचं बिल वाटून घेताना यूपीआयच्या पडद्यावर पूर्ण नाव उमटतं तेव्हा.

आणि त्या क्षणी दोघांच्याही डोक्यात हिशेब सुरू होतो. घरी चालेल? नाही चालणार. आत्याचं ऐकून घ्यावं लागेल, बहिणीचं जमायचंय, वडिलांना दोन वर्षांपूर्वी अ‍ॅटॅक येऊन गेलाय. मग कोणीतरी एक जण म्हणतं, ‘सिरीयस नको करूया.’ दुसरं मान हलवतं. त्या दिवसापासून ते नातं कॅज्युअल. दोघं एकमेकांची औषधं लक्षात ठेवतात, इंटरव्ह्यूच्या आदल्या रात्री एकमेकांची तयारी करून घेतात, ताप आला तर खिचडी करून डबा पोहोचवतात, आणि तरीही त्याचं नाव कॅज्युअल. कारण ‘सिरीयस’ ही जागा घरच्यांनी आधीच राखून ठेवली आहे. दिवाळीत आई कांदेपोह्यांना माणसं बोलावेल तेव्हा ही जागा भरली जाईल. कॅज्युअल नात्यांबद्दल तावातावानं बोलणाऱ्या प्रत्येक आईबापाला माझा पहिला सवाल हा आहे: तुमच्या मुलीनं वेगळ्या जातीचा, वेगळ्या धर्माचा मुलगा घरी आणला, तर तुम्ही त्याला चहा द्याल का? उत्तर नाही असेल, तर ती कॅज्युअल का वागते हे तिला विचारायचा तुमचा हक्क गेला.

पण या व्यवस्थेत सगळ्यांची किंमत सारखी नाही, हेही इथेच बोललं पाहिजे. जातीच्या उतरंडीत वरच्या पायरीवरचा मुलगा खालच्या पायरीवरच्या मुलीबरोबर दोन-दोन वर्षं फिरतो, तिच्या खोलीवर राहतो, आणि लग्नाची वेळ आली की आज्ञाधारक होऊन बायोडेटाच्या रांगेत जाऊन उभा राहतो. ‘मी तर आधीच म्हणालो होतो, कॅज्युअल आहे.’ खरंच म्हणाला होता का? की आडनाव कळल्यानंतर म्हणाला? सुख एकीकडे आणि सोयरीक दुसरीकडे, ही वाटणी या मातीत जुनी आहे. देवाच्या नावानं सोडलेल्या मुरळ्या, भाविणी आणि कलावंतिणी कोणाच्या लेकी होत्या आणि त्यांच्याकडे जाणारे कोण होते, हे महाराष्ट्राला आणि गोव्याला सांगायची गरज नाही. तीच वाटणी कोणी हातात फोन घेऊन करत असेल, तर त्याला मी आधुनिक म्हणणार नाही.

महाराष्ट्रातलंच एक प्रकरण २०१९ साली सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. दोघं शिकलेले, दोघं सरकारी अधिकारी. अनेक वर्षांचे संबंध, लग्नाचं बोलणं, आणि मग त्यानं जातीची अडचण पुढे केली. न्यायालयानं त्याच्यावरचा बलात्काराचा गुन्हा रद्द केला. वचन देतानाच ते खोटं असेल तर फसवणूक, नंतर पाळता आलं नाही तर तो वेगळा विषय, असा भेद केला. कायदा म्हणून तो भेद मला मान्य आहे. पण ज्या गोष्टीनं ते नातं मोडलं ती आरोपीच्या पिंजऱ्यात कधी आलीच नाही.

बायकांकडे वळतो. कारण ‘मुलगे एक वेळ समजू शकतो, पण मुलीसुद्धा?’ हा प्रश्न अजून विचारला जातो, आणि विचारताना आवाज खाली येतो.

अमेरिकेत फ्लोरिडा स्टेट युनिव्हर्सिटीच्या आवारात १९७८ आणि १९८२ साली एक प्रयोग झाला होता. अनोळखी विद्यार्थी किंवा विद्यार्थिनी कोणाजवळ तरी जाऊन सरळ विचारायची, आज रात्री माझ्याबरोबर झोपशील? विचारलेल्या पुरुषांपैकी एकोणसत्तर ते पंचाहत्तर टक्के हो म्हणाले. बायकांपैकी एकही नाही. १९८९ साली हे छापून आलं आणि पुढची वीस वर्षं लोकांनी त्याचा एकच अर्थ लावला, की बायकांना ते नकोच असतं. मग मिशिगन विद्यापीठाच्या टेरी कॉनली यांनी २०११ साली हा निष्कर्ष उलगडून बघितला. विचारणारा माणूस आपल्याला इजा करणार नाही, नीट वागेल आणि सुखही देईल असं वाटलं, की बायका आणि पुरुष यांच्या उत्तरांतलं अंतर जवळजवळ मिटतं, असं त्यांना दिसलं. अनोळखी पुरुषाकडून त्या यातल्या कशाचीच अपेक्षा धरत नव्हत्या. त्या नकाराच्या मागे इच्छा कमी असणं नव्हतं. भीती होती, आणि आपल्या वाट्याला काही येणार नाही हा अंदाज होता.

आपल्याकडे हीच भीती दसपट आहे. अ‍ॅपवरून भेटायला जाणारी मुलगी आधी मैत्रिणीला लाइव्ह लोकेशन पाठवते. भेट कॅफेत ठेवते, मेट्रो स्टेशनजवळच्या. घरी परतायला शेवटची गाडी किती वाजता हे बघून ठेवते. फोटोत चेहरा अर्धा ठेवते, कारण ऑफिसमधल्या एखाद्याला दिसला तर दुसऱ्या दिवशी जेवणाच्या टेबलावर तोच विषय. एवढं सगळं करून ती जाते, म्हणजे तिला काहीतरी मनापासून हवं आहे. ते मान्य करायला आपल्याला इतकं जड का जातं?

मराठी माणसाला तर ते जाऊच नये. रघुनाथ धोंडो कर्व्यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, १९२७ साली ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक सुरू केलं आणि १९५३ साली मरेपर्यंत चालवलं. कामसुख हा स्त्रीचाही हक्क आहे, रोग आणि नको असलेलं मूल टाळता येत असेल आणि कोणावर जबरदस्ती नसेल, तर दोन सज्ञान माणसांच्या संबंधांत पाप कुठून आलं, हे त्यांनी शंभर वर्षांपूर्वी मराठीत, पुण्या-मुंबईच्या वाचकांना सांगितलं. त्यासाठी विल्सन कॉलेजची नोकरी गेली. वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना उत्तरं छापली म्हणून अश्लीलतेचा खटला झाला, आणि १९३४ साली त्यांच्या बाजूनं न्यायालयात डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. हा सगळा वाद मराठी वाचकांसमोर होऊन गेला तेव्हा टिंडर जन्माला यायला अठ्ठ्याहत्तर वर्षं बाकी होती. पश्चिमेचं वारं म्हणणाऱ्यांनी आधी आपल्याच वाचनालयातल्या जुन्या अंकांवरची धूळ झटकावी.

टिंडर २०१२ साली लॉस एंजलिसमध्ये सुरू झालं. भारतात कार्यालय थाटलं २०१६ साली, आणि त्याच वर्षी त्यांनी इथे जाहिरात काढली. मुलगी बाहेर जायला तयार होतेय, फोन वाजतो, आणि आई तिला खुशीनं जाऊ देते. लोक त्या जाहिरातीवर तुटून पडले. मला ती कंपनीची कबुली वाटली. भारतात मुलीच्या अ‍ॅपवरही आईची सही लागते हे त्यांना बरोबर कळलं होतं. कंपनीला मुलीच्या सुखाची काळजी आहे असं मात्र समजू नका. टिंडर, हिंज आणि ओकेक्युपिड या तिन्हींची मालक मॅच ग्रुप वर्षाला तीन अब्ज डॉलरहून जास्त कमावते. ती कमाई मुख्यतः सबस्क्रिप्शनची, आणि माणूस अ‍ॅपवर रेंगाळला तरच सबस्क्रिप्शन चालू राहतं. २०१६ साली संशोधकांनी लंडन-न्यूयॉर्कमध्ये बनावट प्रोफाइल टाकून मोजलं. समोर येईल त्या प्रत्येकाला पसंत करत गेलं, तर बाईच्या प्रोफाइलला शंभरामागे दहा मॅच मिळत होते. पुरुषाच्या प्रोफाइलला एकही पुरा नाही. हताश पुरुष पैसे भरतो, आणखी वर दिसतो, आणखी हताश होतो. याच हताशपणावर २०२४ साली अंधेरीपासून दिल्लीपर्यंत दुसरा धंदा उघडकीस आला. मॅच झालेली मुलगी ठरावीक पबमध्ये नेते, महागडी पेयं मागवते आणि उठून जाते. समोर उरतं हजारोंचं बिल आणि बाउन्सर. तक्रार करायची तर घरी कळणार, म्हणून बहुतेक जण गप्प पैसे भरतात.

हेच गप्प राहणं समलिंगी पुरुषांच्या वाट्याला कितीतरी कडवट होऊन येतं. त्यांच्यासाठीचं ग्राइंडर हे अ‍ॅप २००९ साली निघालं, टिंडरच्या तीन वर्षं आधी. कोल्हापूर, नांदेड, अकोल्याच्या मुलाला आपल्यासारखा दुसरा कोणी तीन किलोमीटरवर आहे हे पहिल्यांदा त्या पडद्यावर कळलं. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयानं सज्ञान माणसांच्या संमतीनं होणाऱ्या समलिंगी संबंधांवरून कलम ३७७चा गुन्हा उठवला. १७ ऑक्टोबर २०२३ रोजी त्याच न्यायालयानं समलिंगी विवाहाला मान्यता द्यायला नकार दिला. या दोन तारखांच्या मध्ये जे उरतं तेच कॅज्युअल. कायद्यानं ज्याला लग्न नाकारलं, घरमालकानं ज्याच्या जोडीदाराला ‘रूममेट’ समजूनच घर दिलं, त्याला ‘तुम्ही लोक एका ठिकाणी टिकत नाही’ असं ऐकवणं क्रूर आहे. अशा मुलांना भेटीला बोलावून मारहाण करून लुबाडणाऱ्या टोळ्या या देशात पुन्हा पुन्हा पकडल्या गेल्या आहेत. टोळ्यांना माहीत असतं, हा पोलीस ठाण्यात जाणार नाही. हे अभय त्यांना समाजानं दिलं आहे.

आणखी एक गट आहे, त्याच्याबद्दल कोणी बोलत नाही. पस्तिशी-चाळिशीतल्या घटस्फोटित, विधवा किंवा एकट्या राहणाऱ्या बायका. त्यांना स्थळं येतात ती पन्नाशीच्या बिजवरांची, ज्यांना आईची सेवा करायला आणि मुलाला डबा करून द्यायला माणूस हवं असतं. या बाईचं एक घर मोडून झालेलं असतं, पगार आहे, मूल आठवीत आहे. तिला पुन्हा कोणाच्या घरात सून होऊन जायचं नसतं. तिला शनिवारी दुपारी कोणीतरी प्रेमानं जवळ घ्यावं असं वाटतं, आणि संध्याकाळी मुलाच्या क्लासच्या वेळेला ती घरी परत यायला हवी असते. यात ती कोणाचं काय हिरावून घेते, हे मला कोणी सांगावं. अ‍ॅपवरच्या सगळ्या वापरांत मला हा वापर सर्वांत शहाणा वाटतो.

आता खोटं बोलणारे. लग्न झालेला, बोटातली अंगठी काढून ‘सिंगल’ लिहिणारा पुरुष. २७ सप्टेंबर २०१८ रोजी व्यभिचाराचं कलम ४९७ रद्द झालं. तो गुन्हा राहिला नाही हे योग्यच झालं, बायको ही नवऱ्याची मालमत्ता असल्यासारखं ते कलम होतं. पण गुन्हा नसणं म्हणजे फसवणूक नसणं नव्हे. हा माणूस एकाच वेळी दोघींना फसवतो. घरातलीला ‘उशिरा मीटिंग’ म्हणून, आणि अ‍ॅपवरचीला ‘एकटा आहे’ म्हणून. विवाहितांसाठीच काढलेल्या अ‍ॅशली मॅडिसन या साइटची माहिती २०१५ साली फुटली तेव्हा तिथल्या पुरुषांशी गप्पा मारणाऱ्या अनेक ‘बायका’ कंपनीनं बनवलेली खोटी प्रोफाइलं होती, हे बाहेर आलं. मला त्या गिऱ्हाइकांची कीव येत नाही. त्यांच्या घरी बसलेल्या बायकांची येते. त्यांना कोणी विचारलंच नव्हतं, की तुम्हालाही मोकळीक हवी आहे का.

दुसरं खोटं जास्त पसरलेलं आहे. कॅज्युअल हवं असताना ‘लग्नाचा विचार आहे’ म्हणणं. का म्हणतात? कारण ‘लग्न’ हा शब्द उच्चारल्याशिवाय मुलगी हो म्हणणार नाही हे मुलाला वाटतं. आणि पुष्कळदा मुलीलाही तो शब्द ऐकायचा असतो, स्वतःच्या नजरेत आपण वाईट ठरू नये म्हणून. इच्छा दोघांची, पण ती निव्वळ इच्छा म्हणून मान्य करायला दोघंही घाबरतात, आणि मग लग्नाचं नाव पुढे केलं जातं. टिंडरनं २०२२च्या अखेरीपासून प्रोफाइलवर काय शोधताय ते लिहायची सोय दिली आहे. दीर्घकाळचं नातं, थोड्या काळाचं, मैत्री, किंवा अजून ठरत नाहीये. चार शब्दांचं खरं बोलायची ती जागा आहे. तीसुद्धा किती जण खोटी भरतात! १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ६९ नुसार, पाळायचा इरादा नसताना लग्नाचं वचन देऊन शरीरसंबंध ठेवल्यास दहा वर्षांपर्यंत शिक्षा आहे. तरुण पोरांना माझं सांगणं आहे, की पहिल्या भेटीत, पहिल्या अर्ध्या तासात स्पष्ट बोला. नकार मिळेल. मिळू दे.

मात्र खरं बोलणाऱ्यांना आपण काय बक्षीस देतो? ऑगस्ट २०१५ मध्ये मुंबई पोलिसांनी मढ आणि अक्सा भागातल्या हॉटेलांवर छापे घालून सुमारे ४० जोडपी खोल्यांतून बाहेर काढली. सज्ञान माणसं, पैसे भरून घेतलेली खोली, आतून लावलेलं दार. त्यांच्यावर सार्वजनिक जागी असभ्य वर्तनाचं कलम लावलं, दंड घेतला, काहींच्या घरी फोन गेले. बोभाटा झाला, चौकशी लागली. अविवाहितांना हॉटेलात खोली देऊ नये असा कोणताही कायदा या देशात नाही, तरी काउंटरवर ‘लोकल आयडी चालणार नाही’ हे वाक्य ठरलेलं. जोडप्यांना खोल्या देण्याबद्दल प्रसिद्ध झालेल्या ओयोनंसुद्धा जानेवारी २०२५ मध्ये मेरठपासून नात्याचा पुरावा मागायला सुरुवात केली. घर भाड्यानं घ्यायचं तर ‘फक्त फॅमिली’. बागेत बसायचं तर शिट्टी. बोरिवलीत तर २०२१ साली एका सोसायटीबाहेरच्या रस्त्यावर ‘नो किसिंग झोन’ असं रंगवून ठेवलं होतं. मग दोघं जातात कुठे? शहराबाहेरच्या, कॅमेरा नसलेल्या, नावाची नोंद न करणाऱ्या लॉजवर. मुलीच्या जिवाला सर्वांत जास्त धोका अशाच ठिकाणी असतो, आणि तिला तिथवर आपण हाकलत नेलेलं असतं. अ‍ॅपवर भेटलेल्या जोडीदारानं वसईच्या तरुणीचा खून केल्याचं प्रकरण २०२२च्या नोव्हेंबरमध्ये उघडकीस आलं, तेव्हा ‘अ‍ॅप बंद करा’ म्हणणारे पुष्कळ होते. घराशी संबंध तुटलेल्या मुलीला मारहाण होत असताना परत यायला दार उघडं होतं का, हे विचारणारे मोजके.

शेवटची गोष्ट दवाखान्याची, आणि ती मला सगळ्यांत निकडीची वाटते. चोवीस वर्षांची मुलगी पांढरं जातंय म्हणून किंवा पाळी चुकली म्हणून स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जाते. पहिला प्रश्न येतो, ‘लग्न झालंय?’ ती नाही म्हणते, आणि पुढची तपासणी त्या ‘नाही’वर ठरते. संसर्गाची चाचणी सुचवली जात नाही. गर्भनिरोधकांबद्दल कोणी बोलत नाही. आणि धीर करून तिनं खरं सांगितलंच, तर औषधाआधी उपदेश मिळतो. पुढच्या वेळी ती दवाखान्यात न जाता मेडिकलमध्ये जाते आणि गोळ्या घेऊन येते. गर्भपाताच्या कायद्यातल्या एका महत्त्वाच्या तरतुदीत २०२१ साली ‘पती’च्या जागी ‘जोडीदार’ हा शब्द आला. २९ सप्टेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं, की अविवाहित बाईलाही विवाहितेइतकाच, २४ आठवड्यांपर्यंत, कायद्यानं सुरक्षित गर्भपाताचा हक्क आहे. कायदा इतका पुढे आला आणि केसपेपर तिथेच राहिला.

तेव्हा पुण्या-मुंबईतल्या, नाशिक-नागपुरातल्या डॉक्टरांनो, त्या केसपेपरवरचा विवाहित-अविवाहित हा रकाना काढून टाका. तिथे शरीरसंबंध आहेत का, आणि ते सुरक्षित आहेत का, एवढं विचारा. विचारण्याआधी सोबत आलेल्या आईला बाहेरच्या बाकावर बसायला सांगा आणि केबिनचं दार लावून घ्या.